दुमडीतला रंग

आर्शालुइसबाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा
ग्युम्रीत उणे चौदा होतं
आणि माझ्या दुकानात दोन गेगाम.

डाव्या मॉनिटरवरचा कावीळ झालेला,
उजव्यावरचा नुकताच थंडीतून आत आलेला, नाकाचा शेंडा जांभळा.
फाइल एकच. माणूस एकच.
स्वेटर मात्र इकडे विटेचा, तिकडे बाहुलीच्या गालांचा.

"जर्दाळू रंगाचा होता," बाई म्हणाल्या,
"मी विणलाय. मला विचारा."

थडग्यांवर बसवायच्या चिनीमातीच्या तसबिरी करतो मी.
एकदा भट्टीत भाजलं की माघार नाही,
म्हणून सगळी भांडणं पडद्यावरच उरकून घ्यावी लागतात.

शोधायला बसलो.
आधी केबल हलवली, कारण आधी सगळेच केबल हलवतात.
मग दिसलं, डाव्या पडद्यावर रात्रीचा पिवळा उजेड
भरदिवसा चालू.
मुलीने केला असणार, परीक्षेच्या जागरणांत.
बंद केला. गेगामची कावीळ उतरली.
उजव्याचं प्रोफाइल भलत्याच मॉनिटरचं निघालं,
जो मी दोन वर्षांपूर्वी मेहुण्याच्या गळ्यात मारला होता.
म्हणजे दोन वर्षं हा बिचारा
परक्याचा चष्मा लावून बघत होता
आणि त्याच्या भरवशावर मी
किती मेलेल्यांचे गाल रंगवले, देव जाणे.

कोळ्यासारखं ते मोजणारं यंत्र काचेवर टांगलं.
त्याने लाल पाहिला, हिरवा पाहिला,
करड्याच्या सगळ्या पायऱ्या एकेक करून उतरला.
तरीही सॉफ्टवेअरच्या आत एक रंग,
आणि तोच फोटो बाहेर उघडला
की भिजवून पिळल्यासारखा.
फोटो सेव्ह करताना
त्याची ओळख त्याच्यासोबत मी पाठवतच नव्हतो.
बाहेरच्याने मग आपल्या कुवतीप्रमाणे वाचला.
एका चौकोनात एक खूण करायची राहिली होती.
बस्स, एवढंच.

पाच वाजता दोन्ही गेगाम एक झाले.
मी खुर्ची वळवली, जरा ऐटीतच.

"हा नाही," बाई म्हणाल्या.

आणि पिशवीतून स्वेटरच काढला.
ट्यूबलाइटखाली मातकट,
खिडकीशी नेला तर बर्फाच्या उजेडात आणखी निराळा.
"हाही नाही," हे त्या स्वेटरलाच म्हणाल्या.
माझी कात्री मागून घेतली,
कॉलरची दुमड उसवली.
आत, जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं,
बोटभर लोकर होती,
देठाशी लाली धरलेल्या,
फांदीवरच तडकलेल्या जर्दाळूची.

मी तो रंग धरला. पडद्यावर आणला.
दोन्ही मॉनिटरांवर, आत, बाहेर, सगळीकडे तोच.
इतकं बिनचूक काम माझ्या हातून क्वचित होतं.

बाई गप्प. शेगडीवर किटली तेवढी बोलत होती.

"फार नवा दिसतोय," त्या शेवटी म्हणाल्या.
"हा लोकरीच्या गुंडीचा रंग झाला.
त्याने अकरा हिवाळे घातला. कोपरं दोनदा शिवली.
थोडा उतरवा."

थोडा म्हणजे किती, हे त्या कोळ्याला ठाऊक नव्हतं.
मी स्लायडर डावीकडे सरकवू लागलो,
त्या ओठांतल्या ओठांत हिवाळे मोजू लागल्या.
पाचव्याला उगीच हसल्या.
सातव्याला इतक्या पुढे वाकल्या
की श्वासाने काच धुरकटली, पुसावी लागली.
नवव्याला म्हणाल्या, "थांबा."

"अकरा ना?"

"शेवटचे दोन नाही घातला.
ढगळ व्हायला लागला होता."

मी चौकोनात खूण केली, सेव्ह केलं.
भाजताना लाल थोडा भट्टीच्या पोटात जातो,
हे त्यांना सांगितलं नाही.
तेवढा मी आधीच जास्तीचा धरला होता.